आधी माप, मग यंत्र
घनकचऱ्याच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते, म्हणून कचऱ्यासारख्या विषयाकडेही शिक्षणाच्या दारातूनच जावं असं मला वाटलं. आज मी बोलणार आहे ते घनकचरा व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणाबद्दल, आणि तेही आपल्यासारख्या विकसनशील देशांतल्या. कचरा उचलायला एम. टेक. कशाला हवं, असा प्रश्न सभागृहात काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. घंटागाडी वेळेवर आली, मुकादमानं हजेरी नीट घेतली आणि घराघरांतून ओला-सुका वेगळा मिळाला, तर पदवीवाचून काय अडतं? माझं म्हणणं असं, की उचलण्यापर्यंत फारसं अडत नाही. अडतं ते उचललेल्या कचऱ्याचं पुढे काय करायचं हे ठरवताना. तिथे कोट्यवधी रुपयांचे निर्णय होतात, ते वीस-पंचवीस वर्षं शहराच्या मानेवर बसतात, आणि ते घेताना टेबलाभोवती कचरा ओळखणारं माणूस बहुधा नसतं.

उदाहरण दिल्लीचं घेऊ. दिल्लीत तिमारपूर इथे १९८७ साली कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. तंत्रज्ञान डेन्मार्कचं. रोज ३०० टन कचरा जाळायचा आणि पावणेचार मेगावॉट वीज काढायची, असा बेत होता. प्रकल्प जेमतेम तीन आठवडे चालला. भट्टीला किलोमागे सुमारे १,४६० किलोकॅलरी उष्मांक असलेला कचरा हवा होता. दिल्लीचा कचरा देत होता ६०० ते ७००. अंगाचं माप न घेता शिवलेला सदरा असावा तसा तो प्रकल्प होता. कापड उत्तम, शिवण उत्तम, पण घालता येईना.

यातलं विज्ञान अवघड नाही. आपल्या कचऱ्यात भाजीची देठं, फळांच्या साली, उरलेलं अन्न यांचा वाटा मोठा असतो, आणि त्यात पाणी असतं. एक किलो कचऱ्यात अर्धा किलो पाणी असेल, तर ते पाणी तापवून त्याची वाफ करायलाच सुमारे ३०० किलोकॅलरी खर्ची पडतात. त्यात रस्ता झाडताना आलेली माती आणि बांधकामाची चुरी मिसळली, की जळणाऱ्या भागाचा वाटा आणखी घटतो. जे कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक चांगलं जळलं असतं, ते भट्टीपर्यंत पोचतच नाही, कारण त्याला भंगारात भाव आहे आणि ते वाटेतच वेचलं जातं. मग भट्टी पेटती ठेवायला वरून इंधन ओतावं लागतं. हा हिशेब दहावीच्या विज्ञानाच्या वहीत मावेल एवढा आहे.

पण मला खरा खटकतो तो पुढचा भाग. हे ज्ञान तेव्हा देशात नव्हतं असं नाही. ते नागपुरात होतं. १९५८ साली नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. पुढे १९७४ मध्ये तिचं नाव 'नीरी' झालं. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारतीय शहरांतल्या कचऱ्याचे नमुने घेऊन त्यात सेंद्रिय भाग किती, ओल किती, घनता किती, उष्मांक किती हे मोजलं होतं. तिथल्याच ए. डी. भिडे आणि बी. बी. सुंदरेशन यांचं विकसनशील देशांतल्या घनकचरा व्यवस्थापनावरचं इंग्रजी पुस्तक १९८३ साली दिल्लीतूनच प्रसिद्ध झालं होतं. त्याआधी, १९७६ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या दिल्लीतल्या विभागीय कार्यालयानं फ्रँक फ्लिंटॉफ यांचं याच विषयावरचं पुस्तक काढलं होतं. म्हणजे यंत्र येण्याच्या आधी पुस्तकं आली होती. त्या पुस्तकांची आणि त्या निविदेची गाठ मात्र पडली नाही. ही गाठ घालून देणारा माणूस तयार करणं, हेच मी आज ज्या शिक्षणाबद्दल बोलतो आहे त्याचं काम. कचऱ्यावर उपाय सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. सांगितलेला उपाय आपल्या गावच्या कचऱ्यावर ताडून पाहणारे फार थोडे आहेत.

'विकसनशील देशांतला कचरा' असं वेगळं काही असतं का? असतं. जागतिक बँकेनं २०१८ साली केलेल्या पाहणीनुसार २०१६ मध्ये जगात सुमारे २०१ कोटी टन नागरी कचरा निर्माण झाला आणि २०५० पर्यंत तो ३४० कोटी टनांवर जाईल. श्रीमंत देशांच्या कचऱ्यात अन्न आणि पालापाचोळा मिळून साधारण एक तृतीयांश असतो. गरीब देशांत तो निम्म्याहून जास्त असतो. गरीब देशांत नव्वद टक्क्यांहून अधिक कचरा उघड्यावर टाकला किंवा जाळला जातो, आणि तरीही नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाचा सरासरी पाचवा हिस्सा या एका कामावर जातो. कचरा ओला, जड आणि पटकन कुजणारा, तिजोरी हलकी, आणि पावसाळा चार महिन्यांचा. या तीन गोष्टी एकत्र आल्या, की परदेशी पाठ्यपुस्तकातली कितीतरी गृहीतकं डळमळतात.

साधी कॉम्पॅक्टर गाडी घ्या. रिकामे खोके, डबे, कागद असा फुगीर कचरा दाबून कमी फेऱ्यांत जास्त नेता यावा, म्हणून ती गाडी जन्माला आली. युरोप-अमेरिकेतल्या घरगुती कचऱ्याचं वजन घनमीटरला शंभर-दीडशे किलोच्या आसपास भरतं. आपल्याकडच्या जुन्या मोजण्यांत ते ४०० ते ५०० किलो भरत असे. आधीच दाटून बसलेला ओला कचरा आणखी दाबला की आकार फारसा घटत नाही. रस तेवढा रस्त्यावर गळतो. गाडीच्या मागे भर चौकात सांडत जाणारी ती काळी धार आपण सगळ्यांनी पाहिली आहे. गेल्या काही वर्षांत प्लॅस्टिक आणि पॅकिंग वाढल्यानं आपला कचराही हलका होत चालला आहे, तेव्हा जुना आकडा डोळे मिटून घेण्यातही अर्थ नाही. पुन्हा मोजायलाच हवं. २००४-०५ मध्ये नीरीनं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी ५९ शहरांची पाहणी केली होती. पण देशपातळीवरचं सरासरी उत्तर वेंगुर्ल्याच्या किंवा वाशीमच्या कामाचं नसतं. वेंगुर्ल्यात माशांचं आणि नारळाच्या करवंट्यांचं काय करायचं हा प्रश्न आहे, आणि वाशीमला तो नाही.

मोजण्याची रीत जुनी आणि बिनखर्चाची आहे. गाड्यांतून आलेल्या कचऱ्याचा ढीग करायचा, फावड्यानं खालवर करून एकजीव करायचा, त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले दोन पुन्हा एकत्र करायचे. नमुना शंभरेक किलोवर आला, की हातानं वेगळा करून प्रत्येक प्रकाराचं वजन घ्यायचं. हे मे महिन्यात करायचं, जुलैत करायचं, दिवाळीनंतर करायचं. आंब्याच्या दिवसांत कोयी आणि साली, गणपतीत निर्माल्य, लग्नसराईत पत्रावळी. बंगल्यांचा भाग, चाळींचा भाग, मंडई आणि झोपडपट्टी, सगळीकडचे नमुने वेगवेगळे. पदव्युत्तर विद्यार्थ्यानं पहिल्या सत्रात हेच करावं असं माझं मत आहे: धनुर्वाताची आणि कावीळ-बीची लस टोचून, हातमोजे घालून, सफाई कामगारांच्या बरोबरीनं. ज्याला या कामाची किळस येते त्यानं पाण्यावर किंवा हवेवर संशोधन करावं. तेही गरजेचंच आहे.

आपल्याकडच्या पर्यावरण अभियांत्रिकीचा कल तसाही पाण्याकडे आहे. त्याला इतिहास आहे. पटकी, विषमज्वर यांच्या साथींनी शहरांना आधी नळ आणि गटारं बांधायला लावली. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी हा विषयच त्यातून घडला. त्यामुळे बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांत पाणी आणि सांडपाणी मुख्य खोलीत बसतात, आणि घनकचऱ्याला ऐच्छिक विषयाची ओसरी मिळते. त्या ओसरीवरही पुस्तक बहुधा अमेरिकी असतं. चोबानोग्लस आणि सहकाऱ्यांचं १९९३ सालचं जाडजूड पुस्तक उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यातला कचरा आपला नाही, आणि त्यात भंगारवाला नाही.

आपल्या मातीतलं ज्ञान मात्र थोडं नाही. इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. तिच्यावरचं १९३१ चं पुस्तक त्यांनी यशवंत वाड या रसायनशास्त्रज्ञांच्या जोडीनं लिहिलं. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शरद काळे यांनी 'निसर्गऋण' हा ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प विकसित केला, आणि माथेरानसारख्या वाहनबंदी असलेल्या गावातही तो उभा राहिला. पुण्यात आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनं घरगुती बायोगॅसचं छोटं संयंत्र बनवलं; त्याला २००६ साली इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. ही यादी मी अभिमानानं मिरवण्यासाठी देत नाही. यातला प्रत्येक प्रयोग कुठे चालला, कुठे बंद पडला आणि का, याचा कोरडा ताळेबंद मांडणारे प्रबंध हवेत. संयंत्र बंद पडतं ते बहुधा जिवाणूंमुळे पडत नाही. आत प्लॅस्टिकच्या पिशव्या जातात, देखभालीचं कंत्राट संपतं, ज्याला ते चालवता येत होतं त्याची बदली होते. अपयशाचा असा अभ्यास व्हायला विद्यापीठच लागतं, कारण प्रकल्प विकणारा तो करणार नाही आणि उद्घाटन करणारा करू देणार नाही.

मित्रहो, चुकीचं यंत्र घेतलं तर पैसे जातात. कचऱ्याच्या डोंगराकडे दुर्लक्ष केलं तर माणसं जातात. फिलिपिन्समध्ये पायातास इथे जुलै २००० मध्ये ढीग कोसळून दोनशेच्या वर माणसं गाडली गेली. इंडोनेशियात बांडुंगजवळ ल्युविगाजाह इथे २१ फेब्रुवारी २००५ रोजी १४० हून अधिक माणसं दगावली. तो दिवस तिथे आता राष्ट्रीय कचरा जागृती दिन म्हणून पाळतात. २०१७ च्या मार्चमध्ये अदिस अबाबाचा कोशे, एप्रिलमध्ये कोलंबोचा मीतोटामुल्ला, २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपालाचा कितीझी. सगळीकडे पायथ्याशी वस्ती होती. सगळीकडे ढीग न दाबता, उभ्या उताराचा, उंच रचत नेला होता. पाणी आत मुरलं की कणाकणांमधली पकड सुटते आणि एक दिवस सगळा उतार चिखलासारखा वाहू लागतो. हे मृदयांत्रिकीचं ज्ञान आहे. धरणाच्या भिंतीसाठी आपण ते शिकवतो, डेपोसाठी शिकवत नाही. मुंबईचा देवनार डेपो १९२७ पासूनचा. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या चित्रांत दिसला, आणि त्यानंतर उच्च न्यायालयानं कचऱ्याची सोय होत नाही म्हणून मुंबईत नव्या बांधकामांना मनाई केली. कचऱ्याचा प्रश्न बांधकाम व्यवसायाच्या उंबऱ्यावर असा येऊन उभा राहिला.

विद्यापीठ आणि नगरपालिका एकत्र आल्या तर काय होऊ शकतं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण जपानमधलं आहे. फुकुओका विद्यापीठातल्या मासाताका हानाशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुकुओका महापालिकेबरोबर काम करून कचऱ्याच्या भरावाची एक पद्धत बसवली; १९७५ मध्ये ती शिन-कामाता इथे प्रत्यक्षात आली आणि चार वर्षांत जपानच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत गेली. पद्धत अशी : भरावाच्या तळाशी दगडगोट्यांत रुंद पाइप टाकायचे आणि त्यांचं तोंड उघडं ठेवायचं. त्यातून कचऱ्याचा रस बाहेर पडतो. कुजण्यानं ढिगाच्या पोटात उष्णता निर्माण होते, गरम हवा वर जाते आणि त्या ओढीनं बाहेरची ताजी हवा पाइपातून आपोआप आत शिरते. पंप नाही, वीज नाही. हवा मिळाल्यानं मिथेन कमी होतो, रसातली घाण कमी होते, भराव लवकर शांत होतो. पुढे मलेशियासारख्या देशांत ही पद्धत गेली. जिथे पाइप महाग पडले तिथे बांबू वापरले गेले. या शोधाच्या मुळाशी एक शिकवण होती, की आपल्या शहराचा डेपो ही आपली प्रयोगशाळा आहे.

आता माणसांकडे येऊ, कारण कचऱ्याचं शास्त्र माणसांपाशी येऊन थांबतं. पुण्याची कहाणी तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे, पण तिचा आरंभ एका विद्यापीठात झाला हे सहसा सांगितलं जात नाही. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरा वेचणाऱ्या मुलींना अक्षरओळख शिकवायला गेल्या. त्यांच्याबरोबर फिरताना त्यांना दिसलं, की कुंडीत उतरण्याऐवजी घरातूनच वेगळा केलेला सुका माल मिळाला तर कष्ट निम्मे होतात आणि कमाई वाढते. डॉ. बाबा आढाव यांच्या साथीनं १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. महापालिकेच्या शिक्क्याची ओळखपत्रं बायकांच्या हाती आली. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी झालेल्या अभ्यासानं दाखवलं, की एकेक वेचक महापालिकेला महिन्याला २४६ रुपयांचं काम फुकट करून देते. या आकड्यानं भाषा बदलली. दया मागणाऱ्या बाईच्या जागी येणं असलेली बाई उभी राहिली. २००८ मध्ये 'स्वच्छ' या वेचकांच्या सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला, आणि दारोदार कचरा गोळा करणं हे त्यांचं मानाचं काम ठरलं.

संशोधनाचा यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही. प्रश्न रस्त्यावर सापडला, माप घेतलं, आणि मापानं करार बदलला. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितलं, त्याच्या कितीतरी आधी पुण्यानं ते करून पाहिलं होतं. म्हणून माझा आग्रह आहे, की पदव्युत्तर वर्गात वेचक बाई पाहुणी म्हणून दीड तास हार घेऊन बसायला येऊ नये. तिनं एक विषय शिकवावा आणि त्याचं मानधन इतर शिक्षकांइतकंच घ्यावं. प्लॅस्टिक हातात घेऊन, चुरगाळून, त्याचा आवाज ऐकून ती त्याची जात आणि आजचा भाव सांगते. कुठला माल कुठल्या गोदामात जातो, कोण वजनात मारतो, पावसाळ्यात पुठ्ठ्याचा दर का पडतो, हे कुठल्याही पुस्तकात नाही.

इथे एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. आपल्याकडे कचऱ्याचं काम कोणी करायचं हे शतकानुशतकं जातीनं ठरवलं. लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. ज्या घराला दुसरा कसलाच आधार नाही त्या घरासाठी हा मोठा दिलासा आहे, आणि तो काढून घ्यावा असं मी अजिबात म्हणणार नाही. पण शिकलेल्या मुलाच्याही हाती त्यातून पुन्हा झाडूच येतो. दुसरीकडे, या विषयातल्या उच्च पदव्या घेणाऱ्यांच्या घरात बहुधा कोणी झाडू धरलेला नसतो. एकाच व्यवसायाची ही दोन टोकं एकमेकांना ओळखत नाहीत. तेव्हा या अभ्यासक्रमातल्या काही जागा सेवेतल्या सफाई कामगारांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी, पगारी रजेसह, राखून ठेवाव्यात. वीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या मुकादमाचा अनुभव प्रवेशाच्या वेळी गुणांत धरावा. अमरावतीच्या विद्यापीठाला आपण संत गाडगेबाबांचं नाव दिलं आहे. झाडू हाती घेऊन गावं जागी करणाऱ्या माणसाच्या नावाच्या विद्यापीठात असा पहिला वर्ग सुरू व्हावा, ही अपेक्षा काही फार नाही.

आता गोष्ट पैशाची. कचऱ्याच्या विद्यार्थ्याला कंत्राट वाचता आलं पाहिजे. वाहतुकीचे पैसे टनामागे मिळत असतील, तर कचरा कमी व्हावा असं ठेकेदाराला का वाटेल? घराघरांत कंपोस्ट झालं तर त्याची कमाई घटते. गाडीत राडारोडा, माती, पाणी गेलं तर वाढते. वर्गीकरणाच्या जाहिरातींवर एका हातानं खर्च करायचा आणि दुसऱ्या हातानं वजनाला बक्षीस द्यायचं, असं आपली कित्येक शहरं करतात, कारण करार लिहिणाऱ्यानं कचऱ्याचा अभ्यास केलेला नसतो आणि कचऱ्याचा अभ्यास केलेल्याला करार दाखवत नाहीत. कराराइतकाच कारभारही महत्त्वाचा. सुरतेत सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची साथ आली. १९९५ मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी दोन वर्षांत शहर बदलून दाखवलं. त्यांनी कुठलं अद्भुत यंत्र आणलं नव्हतं. विभागीय अधिकाऱ्यांना निर्णयाचे अधिकार दिले, रोज सकाळी साहेबांना रस्त्यावर उतरवलं, दंड वसूल केले. आपल्याकडे वेंगुर्ल्यात मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात डेपोच पाहायला लोक येऊ लागले, तेही बारीक वर्गीकरणाच्या शिस्तीवर. प्रशासन हाही या अभ्यासक्रमाचा विषय आहे, आणि तो गणितापेक्षा कठीण आहे.

तर दोन वर्षांत काय शिकवावं? पहिल्या सत्रात माप: नमुने, ओल, उष्मांक, घनता, आणि गाडीबरोबर फेऱ्या. दुसऱ्यात प्रक्रिया: कंपोस्ट, बायोगॅस, भरावाचं मृदयांत्रिकी, जुन्या ढिगाचं बायोमायनिंग म्हणजे तो उकरून, चाळून वेगळा करणं, आणि भंगाराची बाजारपेठ. तिसऱ्यात कायदा, अंदाजपत्रक, निविदा; यातली परीक्षा अशी घ्यावी, की खऱ्या प्रकल्पाचा अहवाल हातात द्यावा आणि त्यातली गृहीतकं तपासायला सांगावीत. तिमारपूरचा अहवाल वाचून जो विद्यार्थी 'थांबा' म्हणेल आणि का ते आकड्यांनी दाखवेल, तो उत्तीर्ण. चौथं सत्र पूर्ण एका नगरपालिकेत. पंढरीच्या वाटेवर रोज मुक्काम हलवणाऱ्या लाखोंच्या गावाचा कचरा, नाशिकचा सिंहस्थ, कोकणातली पर्यटनाची गर्दी, यांवर प्रबंध लिहायला एक पिढी पुरणार नाही. प्रबंधाचा मराठी गोषवारा त्या नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत वाचला जावा आणि नगरसेवकांनी प्रश्न विचारावेत. परीक्षकांपेक्षा ते जास्त टोकदार विचारतील.

आपल्याला इतर देशांकडून शिकायचं असेल तर आपल्यासारख्यांकडूनही शिकावं. बँकॉकची आशियाई तंत्रज्ञान संस्था अशा देशांतल्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं एका वर्गात बसवत आली आहे. स्वित्झर्लंडच्या इआवॅग संस्थेनं विकसनशील देशांतल्या घनकचऱ्यावर एक खुला ऑनलाइन पाठ्यक्रम केला आहे; घरबसल्या तो कोणीही घेऊ शकतं. पण पडद्यावर वास येत नाही आणि मुकादमाशी ओळख होत नाही. असा पाठ्यक्रम पहिल्या महिन्याला पुरतो, दोन वर्षांना पुरत नाही.

शेवटचा प्रश्न सर्वांत व्यवहारी: या पदवीधरांना नोकरी कोण देणार? महाराष्ट्रात महापालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायती मिळून चारशेच्या घरात नागरी संस्था आहेत. स्वच्छता निरीक्षकांसाठी पदविका आहे; मुंबईची १९२६ सालची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था ती फार वर्षं चालवते, आणि नगरपरिषदांच्या राज्य संवर्गात निरीक्षकांना आता जागाही आहे. त्याच्या वरची पायरी मात्र रिकामी आहे. घनकचरा विभागाचा प्रमुख कधी डॉक्टर असतो, कधी रस्त्यांचा अभियंता, कधी प्रतिनियुक्तीवर आलेला अधिकारी. आणि या विभागात बदली होणं ही शिक्षा समजली जाते. जोवर 'घनकचरा अभियंता' असं राज्य संवर्गातलं कायम पद, त्याची बढतीची शिडी आणि निविदेवर त्याचं लेखी मत बंधनकारक, असं होत नाही, तोवर कितीही चांगला अभ्यासक्रम काढला तरी मुलं तो पूर्ण करून सल्लागार कंपन्यांत जातील, आणि त्याच प्रकल्पांचे अहवाल टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं लिहितील. छोट्या गावाला हा पगार परवडणार नाही म्हणाल, तर चार-पाच नगरपरिषदांनी मिळून एक माणूस ठेवावा. एका चुकीच्या यंत्राच्या किमतीत त्याची अख्खी कारकीर्द निघेल.

ही पदं सरकारनं निर्माण करायची आहेत, वर्ग विद्यापीठांनी उघडायचे आहेत. आपल्या हाती काय आहे? माहितीचा अधिकार आहे, वॉर्ड सभा आहे, निवडणूक आहे. तुमच्या गावात कचऱ्याच्या नव्या प्रकल्पाची घोषणा होईल तेव्हा तो किती कोटींचा आणि कुठल्या देशाचा, हे तुम्हाला न विचारता सांगितलं जाईल. तुम्ही एवढंच विचारा: आपल्या गावचा कचरा कोणी मोजला, कुठकुठल्या महिन्यांत मोजला, आणि ते कागद कुठे पाहायला मिळतील? पुरेशा गावांतून हा प्रश्न पुरेशा वेळा विचारला गेला, की त्याचं उत्तर देणारा माणूस नेमावाच लागेल. आणि तो नेमायचा म्हटलं, की कुणाला तरी त्याला शिकवावं लागेल.